वरचा, समोरचा, उजवीकडचा दात

४ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

अन्याय झाला तो या वेळी. दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, तेव्हा माझ्या मनगटावरची वेळ ग्राह्य धरावी. डॉक्टरीणबाईंनी (वय अंदाजे सत्तावीस, आत्मविश्वास अंदाजे साठ) माझ्या तोंडासमोर आरसा धरला आणि विचारलं, काकू, कसा वाटतोय?

वरचा, समोरचा, उजवीकडचा दात. पोर्सलीनचा क्राउन. लॅबमध्ये हाताने घडवलेला, असं मला आधीच दोनदा ऐकवलं होतं. घडवला असेलही हाताने. कुणाच्या तोंडासाठी, हा प्रश्न आहे. हिरडीजवळ पिवळट. टोकाला निळसर. आणि वरून खाली केसासारखी बारीक रेघ. म्हणजे तडा. कोऱ्या दाताला तडा.

मी म्हटलं, हा कुणाचा तरी वापरलेला दात आहे.

ती म्हणाली, नाही हो काकू, शेजारच्या दाताशी जुळवलाय. तो अगदी असाच आहे.

म्हणजे माझा शेजारचा दात पिवळट, निळसर आणि तडकलेला. हे ऐकून घ्यायला मी रिक्षाचे धक्के खात गेले होते.

क्राउन बसवू दिला नाही. तात्पुरती प्लास्टिकची टोपी पुन्हा चढवून घेतली आणि निघाले. दार आपटलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दार आपटायला शिकवत नसत. फक्त उघडं टाकलं. आत एसी होता.

४ मार्च, दुपारी

नोंदीसाठी: दात तुटला तो हल्लीच्या दोऱ्याच्या हलक्या दर्जामुळे. तेहतीस वर्षं शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं. दोरा दाताने तोडायचा नाही, कात्री घ्यायची, हे प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी सांगत असे. त्या दिवशी कात्री दुसऱ्या खोलीत होती. पूर्वीचा दोरा दाताचा मान ठेवून तुटायचा.

तसंच: रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पांढऱ्या दोऱ्याच्या डझनभर रिळांतून शुभ्र कोणता, दुधी कोणता, मोतिया कोणता, हे मी लांबून सांगते. त्या मुलीकडे दातांच्या रंगांच्या नमुन्याची एक पट्टी आहे. तिच्यावर सोळा दात. सोळा छटांवर जग चालवतात हे लोक.

लॅबला पत्र लिहिलं. सात मुद्दे. आठ तारखेच्या आत लेखी उत्तर द्यावे. धाकटीने वाचलं आणि म्हणाली, ताई, सातातले तीन मुद्दे डॉक्टरणीच्या केसांबद्दल आहेत. मी म्हटलं, केस मोकळे होते.

धाकटी बहीण माझ्याकडे राहते. तिच्या मते मी तिच्याकडे राहते. हा विषय आम्ही मिटवला आहे. तिला अजून कळवलेलं नाही.

६ मार्च

हेडगर्लचा फोन. ही आमच्या वर्गात असताना शाळेची हेडगर्ल होती. नंतर पद सोडायचं राहून गेलं. आता माजी विद्यार्थिनी मंडळाची सेक्रेटरी आहे.

म्हणाली, तुझा दात पडला म्हणे.

पडला नाही, तुटला.

म्हणाली, तेच ते. अगं, तुझ्या ‘स’ला शिट्टी येतेय. बावीस तारखेच्या मेळाव्यात स्वागताचं भाषण. स्वागत, सन्माननीय, सस्नेह, सगळीकडे स. या वर्षी मी बोलू का?

मी म्हटलं, बावीसपर्यंत दात बसलेला असेल. हे वाक्य निवडताना स टाळायला हवा होता, हे नंतर लक्षात आलं.

स्वागताचं भाषण वीस वर्षं माझं आहे. एकदा हातातून गेलं की गेलं. आधीच्या खजिनदारणीचा एका वर्षी घसा बसला. तेव्हापासून ती दारात उभी राहून सगळ्यांच्या छातीवर बिल्ले टोचते. मी बिल्ले टोचणार नाही.

संकल्प: बावीसच्या आत दात. माझ्या पसंतीचा. आणि तोपर्यंत कमी बोलायचं.

७ मार्च

लॅबमधून फोन आला. मी घेतला नाही. लेखी उत्तर मागितलं होतं. धाकटीने घेतला आणि बराच वेळ हसत बोलत बसली. काय म्हणाले, विचारलं. म्हणाली, गमतीदार माणूस आहे गं ताई. म्हणतो, पत्र फ्रेम करून लावलंय, बाईंना म्हणावं एकदा बघायला या.

याला ती गंमत म्हणते. मी शरणागती म्हणते.

कमी बोलण्याचा संकल्प: आज धाकटीला हे समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली. उद्यापासून.

१० मार्च

लॅबला गेले. एका औषधाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून, दोन खोल्या. पहिल्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, प्रत्येकावर नंबर. शेकडो लोक तोंड उघडून गप्प. शिक्षक म्हणून तेहतीस वर्षं मी हेच दृश्य मागत होते.

आतल्या खोलीत तो. डॉक्टरीण त्याला ‘कलाकार माणूस’ म्हणते, तेव्हा आपणही कलाकार म्हणू. केस रंगवलेले, कपाळावर भिंगाचा चष्मा, नाकावर दुसरा चष्मा. स्वतःचे दात चहाच्या गाळणीच्या रंगाचे. माझं पत्र खरंच भिंतीवर लावलं होतं. फ्रेम नव्हती, चिकटपट्टी होती. इथपासूनच फसवणूक.

काम मात्र पाहिलं. काचेच्या पाटीवर पांढरी पावडर, त्यात थेंबभर पाणी, बारीक कुंचल्याने तो लगदा टोपीवर चढवत जातो. मधेच पाटीवर टकटक करतो, पाणी वर येतं, कागदाने टिपतो, पुन्हा थर. दात दाताएवढा व्हायला हवा तर हा त्याहून मोठा करत होता. मी तिथेच चूक पकडली. तो म्हणाला, भट्टीत आटतो बाई, म्हणून आधीच मोठा घ्यायचा. मी म्हटलं, म्हणजे सुती कापडासारखं, आधी भिजवायचं आणि मग बेतायचं. तो म्हणाला, उलटं, पण असू द्या. असू द्या कशाला? बरोबर होतं ते.

भट्टी लहानशी, शिलाई मशीनएवढी. दात आत जातो पिठासारखा, बाहेर येतो लालबुंद, आणि बघता बघता पांढरा होतो. छान दिसतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

रेघेचा विषय काढला. तो म्हणाला, तडा नाही बाई, मी काढलीय ती. मुद्दाम. तुमच्या शेजारच्या दातावर तशीच आहे. दोरा दाताने तोडता का?

मी म्हटलं, मी शिवणकामाची शिक्षिका आहे.

तो म्हणाला, तेच विचारतोय.

मग पर्समधून माझा बाविसाव्या वर्षीचा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, माझे दात असे आहेत, असा करा. त्याने दोन्ही चष्म्यांतून पाहिला. म्हणाला, बाई, फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. मी म्हटलं, त्यातलं व्हाइट बघा.

शेवटी ठरलं: परवा मी स्वतः येणार, स्वतः शेड निवडणार, तो तसाच्या तसा करणार. सोळा छटांतून. माझ्यासाठी म्हणजे सुट्टीचा दिवस.

१२ मार्च

विजय.

पण सविस्तर. मी सकाळीच गेले, उजेड चांगला असताना. रंग दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली कधी नाही, हे त्याला सांगितलं. त्याने खुर्ची खिडकीशी ओढली. माणूस शिकेल.

तो लगेच पट्टी घेऊन आला. म्हणाला, आल्या आल्या बघून घेऊ, दोन मिनिटांत. मी म्हटलं, थांबा. रंग जुळवायचा एक नियम आहे. कापड ओलं असताना दोरा जुळवत नाहीत. ओलं कापड गडद दिसतं. वाळलं की दोरा वेगळा आणि कापड वेगळं. माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगीसुद्धा ही चूक करत नसे. मी इस्त्रीचा रुमाल काढला, ओठ वर धरला आणि दात कोरडे पुसले.

तो म्हणाला, बाई, दात ओलाच बघायचा असतो.

म्हटलं, का?

म्हणाला, तो तोंडात असतो. तुम्ही काय दोरीवर वाळत घालणार आहात का?

अशा माणसाला नियम मुळापासून समजवावा लागतो. समजवला. दोरा, कापड, ओल, इस्त्री, आणि ओघात हेडगर्लने शाळेत असताना गडद धाग्याने भरलेला उशीचा अभ्रा, जो अजून तिच्या घरी आहे आणि अजून गडद आहे. चांगला अर्धा तास गेला. मधे मधे पुन्हा रुमाल फिरवला. त्याने दोनदा पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, घोटभर प्या, दहा मिनिटं तोंड मिटून बसा, मग बघू. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. कुणाचं तोंड बंद करायच्या या रीती मला ठाऊक आहेत.

मग पट्टी धरली. आणि काय? पट्टीच्या पहिल्या टोकाचा, सगळ्यांत पांढरा दात. माझ्या दातांना तंतोतंत. त्याला आरसा दाखवला. तो पाहून म्हणाला, आत्ता जुळतोय खरा.

आत्ता म्हणे. हरलेल्या माणसाला हरल्याचं कबूल करताना एखादा जादा शब्द लागतो.

पिवळं नको, निळं नको, रेघ नको, असं सांगितलं. तो म्हणाला, मग दात नाही, बाथरूमची टाईल होईल. मी म्हटलं, टाईल स्वच्छ असते. तो म्हणाला, बरं बाई. तुमचा दात, तुमची शेड. फक्त मी केला म्हणून कुणाला सांगू नका.

कारागीर लोक इतके नम्र असतात हे माहीत नव्हतं.

१८ मार्च

दात बसला. डॉक्टरीण म्हणाली, काकू, आधी आठवडाभर कच्च्या सिमेंटवर ठेवू या, रंग पटला तर पक्का करू. मी म्हटलं, पक्का. ती म्हणाली, एकदा पक्का केला की काढायचा म्हणजे फोडावा लागतो. मी म्हटलं, फोडायचं कारणच काय? मग इतका वेळ मी तिला कारणं नसल्याचं सांगितलं की शेवटी तिने हातमोजे चढवले. आरशात पाहिलं. चारी दात एकसारखे. मोत्यांची माळ म्हणतात ती ही.

स्वागत. सन्माननीय. सस्नेह. शिट्टी नाही. रिक्षात तीनदा म्हणून पाहिलं. रिक्षावाल्याने एकदा वळून नमस्कार केला.

१८ मार्च, संध्याकाळी

धाकटीने दार उघडलं. मी हसून दाखवलं. म्हणाली, अगं बाई. एवढंच. जेवताना दोनदा माझ्याकडे बघून मान खाली घातली. मत्सर. तिची खालची कवळी आहे.

२० मार्च

क्राउनमध्ये दोष आहे. तो पांढरा होत चालला आहे. बसवला तेव्हा ठीक होता, आज सकाळी उठून पाहिलं तर शेजारच्यांपेक्षा दोन छटा पुढे. भट्टीतला माल बाहेर आल्यावरही पांढरा होत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. थांबला नसावा.

धाकटी म्हणाली, ताई, तो पहिल्या संध्याकाळपासून तसाच आहे. माझ्या आजूबाजूला रंग ओळखणारं माणूस नाही, हे माझं दुर्दैव.

लॅबला पत्र. चार मुद्दे. लेखी उत्तर बावीसच्या आत. पाठवलं नाही. आधी भाषण होऊ दे.

२१ मार्च

भाषण पाठ. दहा मिनिटांचं. हेडगर्लने दहाच दिली आहेत, आणि तीही मोजून दिल्यासारखी.

आरशात सराव केला. सुरुवातीला दात फार चमकत होता. पाच-सहा वेळा सलग म्हटल्यावर शांत झाला, शेजाऱ्यांत मिसळून गेला. म्हणजे वापराने बसतो. नवे बूट बसतात तसा. काळजीचं कारण नाही.

२२ मार्च

मेळावा. बिल्ले टोचणाऱ्या बाईंनी माझा बिल्ला टोचताना तोंडाकडे पाहिलं आणि सुई माझ्या खांद्यात गेली. हेडगर्ल म्हणाली, वा, नवीन का? मी म्हटलं, कोणता ते ओळखून दाखव. तिने लगेच बोट दाखवलं. अंदाजाने.

भाषण उत्तम. दहाची पस्तीस मिनिटं झाली, कारण श्रोते सोडत नव्हते. हेडगर्लने तीन चिठ्ठ्या पाठवल्या. कौतुकाच्या असाव्यात. वाचायला सवड मिळाली नाही. खाली उतरले तर धाकटी चकित. म्हणाली, ताई, शप्पथ, सुरुवातीला नुसता दातच दिसत होता, शेवटी शेवटी चक्क जुळला गं.

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मग दिवंगत मैत्रिणींसाठी मौन, मग चहा, मग सगळ्यांचा फोटो. मी मधोमध, मनमोकळं हसून. वीस वर्षांत पहिल्यांदा ओठ न मिटता.

२४ मार्च

दवाखान्यात सहज गेले, कौतुक स्वीकारायला. धाकटी नको म्हणताना बरोबर आली आणि तिने डॉक्टरणीला सगळं सांगितलं. सराव, भाषण, चहा, सगळं. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला ही सवय आवडत नाही.

डॉक्टरीण म्हणाली, काकू, दात वाळला की पांढरा दिसतो. बराच वेळ तोंड उघडं राहिलं, बोलत राहिलं, की वाळतो. तोंड मिटलं की थोड्या वेळाने मूळ रंगावर येतो. पोर्सलीन वाळत नाही, ते आहे तसंच राहतं. तुमचा क्राउन वाळलेल्या दातांना जुळवलाय. तुम्ही सलग अर्धा तास बोललात की जुळतो.

धाकटी म्हणाली, मग काय, दिवसभर जुळेल.

दोघी हसल्या. मी हसले नाही. मी तोंड मिटून घेतलं.

घरी आरशासमोर प्रयोग केला. तोंड मिटून बसले, मधे मधे ओठ उचलून पाहत. घरात इतकी शांतता झाली की धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. शेजारचे तिन्ही दात हळूहळू खाली उतरत गेले. दुधी, मग मोतिया, मग एक छटा जिचं नाव मला माहीत आहे पण घालणार नाही. चौथा जागच्या जागी उभा.

अजून जवळ जाऊन पाहिलं. शेजारच्या दातावर एक रेघ आहे. केसासारखी. वरून खाली.

उजेड कमी होता.

२६ मार्च

फोटो आला. हेडगर्लने मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सव्वाशे बायका, चार रांगा. खाली संदेश सुरू झाले. कोण कुठे उभं आहे ते सांगायला. एकीने लिहिलं, दुसरी रांग, दाताच्या डावीकडून तिसरी, ती मी. दुसरी म्हणाली, मी दाताच्या बरोब्बर मागे, चष्मा. मग सगळ्यांनीच सोय करून घेतली. दाताच्या वर, दाताच्या खाली, दातापासून दोन सोडून. बिल्लेवालीने लिहिलं, मी दाताला लागून. टाळ्यांची चित्रं.

हेडगर्लने काहीच लिहिलं नाही. फक्त एक सूचना: पुढच्या वर्षी स्वागत मी करेन, आपल्या वक्त्यांना थोडी विश्रांती. नोंदणीच्या टेबलावर मदत लागेल.

धाकटीने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा ठेवला. चहा केला. काही बोलली नाही. हे तिला शोभत नाही.

मग म्हणाली, मी लॅबमध्ये जाऊन आले. तुझा पहिला दात आहे अजून. काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर ठेवलाय. आलेल्या प्रत्येकाला दाखवतो, म्हणतो, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. विकत नाही म्हणतो. ती रेघ बघायला डॉक्टर येतात म्हणे.

माझी रेघ.

२७ मार्च, सकाळी ९ वाजता

आज पाठवायचा मसुदा. इथे आधी लिहून ठेवते.

महाशय,

१. दातांची शेड ओल्या दातांवर, रुग्ण आल्या आल्या, दोन मिनिटांत पाहावी, हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे. आपण तो पाळला नाही. मी पहिल्यापासून हेच सांगत होते.

२. समोर बसलेली एक शिवणकामाची शिक्षिका रुमालाने दात पुसू लागली असता, इतका अनुभव असलेल्या माणसाने तिचं ऐकलंच कसं? एखाद्याच्या हातातला रुमाल काढून घेता येत नाही का? याचा खुलासा करावा.

३. माझ्या ४ मार्चच्या पत्रात ‘वापरलेला’, ‘तडकलेला’ आणि ‘दुसऱ्या कुणाचा’ असे शब्द आले आहेत. ते पत्र आपल्या भिंतीवर आहे. ते उतरवावे.

४. आपल्या काचेच्या कपाटातील निळ्या मखमलीवरचा दात ही माझी खासगी वस्तू आहे. वरचा, समोरचा, उजवीकडचा. तो अन्य कुणालाही बसणार नाही, मला बसतो. सध्याचा फोडून काढायला मी तयार आहे. भट्टी पेटवण्याचीही गरज नाही. नुसतं कपाट उघडायचं आहे.

५. दात द्याल की नाही, याचं लेखी उत्तर शनिवार, ३० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावं. फोन करू नये, तो धाकटी घेते आणि तुम्ही दोघं हसता. तोपर्यंत मी तोंड मिटून राहणार आहे. शनिवारच्या पुढे ते मला जमेल, याची हमी देता येत नाही.